घरातल्या नौसैनिकाची नोकरी पाहायला: विदर्भातून विशाखापट्टणमच्या पाणबुडीपर्यंत

विदर्भाला समुद्र नाही, पण नौदलात नोकरी करून आलेली माणसं आपल्याकडे आहेत. भिंतीवर पांढऱ्या गणवेशातला फोटो असतो, पेटीत दोन-तीन पदकं असतात आणि नातवंडांना "आबाजी नेव्हीत होते" एवढंच ठाऊक असतं. सैन्यातला माणूस म्हटला की गावाच्या डोळ्यापुढे बंदूक आणि बर्फ येतो. जहाजावर राहणं म्हणजे काय, तिथे माणूस झोपतो कुठे, लढाई सुरू असताना इंजिनाजवळच्या माणसाला बाहेरचं काही दिसतं का, याची कल्पना घरच्यांनाही नसते.

ज्यांच्या घरचं कोणी १९७१ च्या युद्धात किंवा त्याआधी दुसऱ्या महायुद्धात नौदलात होतं, आणि ज्यांना आता मुलाबाळांना घेऊन एखादं नौदलाचं संग्रहालय पाहायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आपल्याकडून जायला मला विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी सगळ्यात सोयीची वाटते, म्हणून तिच्याबद्दल जास्त सांगेन. पण गाडीचं तिकीट नंतर. निम्मं काम गावातच करायचं आहे, आणि ते न करता गेलं तर चांगलं संग्रहालयसुद्धा फोटो काढण्याची जागा होऊन जातं.

आधी घरची पेटी उघडा

नोकरीवरून आलेल्या माणसाची लोखंडी पेटी बहुतेक घरी अजून असते. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं नाव आणि नंबर दिसला, तर तो नंबर आधी वहीत उतरवून घ्या. नौदलात त्याला ऑफिशियल नंबर म्हणतात. पुढे कोणत्याही कार्यालयात गेलात तरी नावाआधी हाच विचारतील. पेटीवर पुसला गेला असेल तर पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, सापडेल.

मग कागद. सगळ्यात मोलाचं असतं ते सर्व्हिस सर्टिफिकेट. माणूस भरती झाल्यापासून सुटेपर्यंत कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत होता, हुद्दा काय, काम कोणतं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. नावामागे आय.एन.एस. (इंडियन नेव्हल शिप) लागलं म्हणजे ते जहाजच असेल असं नाही. नौदल किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजासारखीच नावं देतं. आय.एन.एस. शिवाजी हे लोणावळ्याचं इंजिनियरिंगचं प्रशिक्षण केंद्र, आय.एन.एस. वलसुरा जामनगरला विजेच्या कामाचं शिक्षण देणारं, आणि आय.एन.एस. सरकार्स विशाखापट्टणमचं ठाणं. "आमचे आजोबा शिवाजी जहाजावर होते" असं घरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं, आणि मुलं इंटरनेटवर त्या जहाजाचा फोटो शोधत बसतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे जहाज की ठाणं, हे लिहून घ्या.

सर्टिफिकेट नसेल तर पत्रं बघा. जहाजावरच्या माणसाचा पत्ता म्हणजे त्याचं नाव, नंबर, जहाजाचं नाव आणि खाली 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' किंवा दुसऱ्या बंदराचं नाव. जहाज कुठेही असो, पत्र त्या फ्लीट मेल ऑफिसातून जायचं. त्यामुळे घरी राहिलेल्या एखाद्या जुन्या अंतर्देशीय पत्राच्या मागच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, जहाजाचं नाव मिळून जातं आणि टपालाच्या शिक्क्यावर तारीख मिळते. मनीऑर्डरच्या पावतीचा तुकडाही टाकू नका.

पदकांकडे नीट पाहिलं जात नाही. उजेडात, दारात बसून, भिंगाने पाहा. भारतीय पदकांवर, गोल असेल तर कडेवर आणि चांदणी असेल तर पाठीमागे, नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. काळवंडलेल्या धातूत ते सहज दिसत नाही. पदक बोटात धरून हळूहळू फिरवलं की तिरप्या उजेडात एकेक अक्षर उठून येतं. १९७१ साठी तीन पदकं लक्षात ठेवा: पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल. पेटीत पूर्वी स्टार निघाला तर तुमचा माणूस बंगालच्या उपसागराकडे होता, पश्चिमी निघाला तर अरबी समुद्राकडे, एवढं त्या एका चांदणीवरून कळतं. महायुद्धाच्या काळातलं असेल तर १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल अशी नावं इंग्रजीत दिसतील.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पदक चिंच-मिठाने किंवा पितळ चमकवायच्या पॉलिशने घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. आणि जुना कागद तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणू नका. कागद टिकावा म्हणून लोक हे मोठ्या प्रेमाने करतात, पण गरम प्लास्टिकमध्ये एकदा चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही, आणि शाई-शिक्के कायमचे बिघडू शकतात. मोबाईलने सावलीत, वरून सरळ, पाठपोट फोटो काढा. मूळ कागद सुती कपड्यात गुंडाळून, वाळवी-उंदरापासून दूर ठेवा.

टोपीची काळी पट्टी सापडली तर तीही बघा. तिच्यावर सोनेरी अक्षरात जहाजाचं नाव असतं. महायुद्धातली पट्टी मात्र नुसतं 'एच.एम.आय.एस.' (म्हणजे ब्रिटिश राजाचं भारतीय जहाज) एवढंच सांगते. युद्धाच्या काळात शत्रूला सुगावा लागू नये म्हणून जहाजाचं नाव पट्टीवर घालत नसत.

माणूस असेल तर त्याला विचारा

१९७१ ला वीस-बावीस वर्षांचा असलेला पोरगा आज सत्तरी कधीच ओलांडून गेला आहे. तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

"युद्धात काय केलं?" हा प्रश्न सहसा फळाला येत नाही. उत्तर येतं, "काही नाही, ड्यूटी केली." माझे मोठेबाबा विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. युद्धाचा विषय काढला की ते उठून ढोरांना चारा टाकायला जात. एकदा पोट्ट्यांपैकी कोणी विचारलं, "मोठेबाबा, जहाजावर आंघोळीले पानी भेटे का?" आणि ते संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. गोड्या पाण्याचं रेशन, बॉयलरजवळची उष्णता, आठ-आठ दिवस आभाळ न दिसणं, सगळं त्या पाण्याच्या मागून आलं.

म्हणून साधं विचारा. झोपायचे कुठे, मेसमध्ये काय मिळायचं, ड्यूटीची पाळी किती तासांची, बाजूच्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, कोणत्या राज्याचा माणूस होता, लिबर्टी म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुटी मिळाली की कुठे जायचे, समुद्र लागायचा का. त्यांची ब्रँच कोणती होती हे नक्की विचारून घ्या: सीमन म्हणजे डेकवरचा खलाशी, स्टोकर म्हणजे इंजिनवाला, इलेक्ट्रिकल, सिग्नल, टेलिग्राफिस्ट, कुक, स्टुअर्ड म्हणजे जेवण वाढणारा. संग्रहालयात याच एका शब्दावर तुम्ही कुठे थांबायचं ते ठरणार आहे.

आजी असेल तर तिलाही तेवढंच विचारा. कोणत्या वर्षी कापूस निघायच्या वेळी पत्र बंद झालं होतं, रेडिओवर काय ऐकलं, ते घरी आले तेव्हा कोणतं लेकरू पोटात होतं, हे तिला तारखेपेक्षा पक्कं आठवतं, आणि लेकराच्या जन्मतारखेवरून सुटीचा महिना काढता येतो.

कागद अपुरे असतील तर

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. माजी सैनिकाची किंवा त्याच्या पत्नीची तिथे नोंद असेल तर बरीच माहिती मिळते, आणि पुढचा अर्ज कसा लिहायचा तेही सांगतात. नौसैनिकांच्या सेवेचे दप्तर मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्प भागातल्या कमोडोर, ब्यूरो ऑफ सेलर्स या कार्यालयाकडे असते. अर्जात ऑफिशियल नंबर, नाव, हुद्दा, जन्मतारीख, भरती आणि निवृत्तीचं साल आणि तुमचं नातं स्पष्ट लिहा. नात्याचा पुरावा आणि, माणूस हयात नसेल तर, मृत्यूचा दाखला जोडा. हयात असेल तर अर्ज त्यांच्याच सहीने करा, ते सोपं पडतं.

महायुद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आपल्या नौदलाचं, प्रकरण वेगळं. त्या युद्धात जीव गेलेल्या नाविकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं आणि तिच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. नावाची इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून पाहा. ज्यांना समुद्रातच मरण आलं, ज्यांची कबर-समाधी कुठेच नाही, अशा नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून जास्त नाविकांची नावं मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकग्रंथात आहेत. त्याच नावांचा दुसरा ग्रंथ बांगलादेशात चितगावला आहे.

घरात "आजोबा १९४६ ला नेव्ही सोडून आले" असं ऐकलं असेल तर जरा सावकाश घ्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या सिग्नल शाळेत नाविकांचा उठाव सुरू झाला, तो जहाजांवर आणि कराचीपर्यंत पसरला, आणि त्यानंतर शेकडो नाविकांना घरी पाठवलं गेलं. पण महायुद्ध संपल्यावर नौदलाने माणसं कमी केली, त्यातही पुष्कळ जण त्याच वर्षी गावी आले. १९४६ साल दिसलं म्हणजे उठाव, असं परस्पर ठरवू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर त्या काळातले सरकारी कागद घरबसल्या पाहता येतात. तिथे शोधा, सापडेल तेवढंच लिहा.

कोणासाठी कोणती जागा

जहाजाचं नाव आणि साल हातात आलं की जागा निवडा. विक्रांतवर काम केलेल्यांच्या घरी अजूनही "मुंबईला जाऊन विक्रांत दाखवू" असं म्हणतात. ती विक्रांत आता नाही. काही वर्षं मुंबईत ती तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिच्याच लोखंडातून केलेलं एक स्मारक २०१६ मध्ये मुंबईत नेव्हल डॉकयार्डजवळ उभारलं आहे. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात आलेली नवी विक्रांत ही कामावरची युद्धनौका आहे, ती अशी पाहता येत नाही. जुन्या विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे ही विमानं गोव्यात, दाबोळी विमानतळाजवळच्या बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात आहेत. घरचा माणूस विमानांच्या देखभालीवर असेल तर गोवा गाठा.

खुकरीवर कोणी असेल तर दीव. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आय.एन.एस. खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. दीवला समुद्राकडे तोंड केलेलं त्यांचं स्मारक आहे. पुढे त्याच नावाची दुसरी नौका नौदलातून निवृत्त झाली, तीही दीवलाच संग्रहालयासाठी दिली आहे.

बाकी कोणत्याही जहाजावरच्या माणसाच्या घरच्यांनी विशाखापट्टणम धरावं, असं माझं मत आहे. कुरसुरा तुमच्या माणसाचं जहाज नसेल, तरी खरंखुरं लोखंड, खरा बंक, खरं इंजिन समोर उभं असतं. काचेमागच्या प्रतिकृतीतून ते कळत नाही. आणि पूर्वेची लढाई ज्या समुद्रात झाली तो समुद्र तिथेच समोर आहे. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली. ती विक्रांतच्या मागावर आली होती, आणि विक्रांत त्या वेळी अंदमानाकडे होती. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे होते, तो बंद ठेवून उरलेल्या तिनांवर ती चालली, वेग कमी पडत होता, आणि तशातही तिच्यावरच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. इंजिनरूममधल्या माणसाच्या घरी ही बॉयलरची गोष्ट नक्की काढून बघा.

जायचं कधी आणि कसं

रोजगाराचा आणि शेतीचा विचार करूनच महिना ठरेल. सोयाबीन, मग वेचणी, मग तूर. माझा सल्ला जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जाण्याचा, तूर घरात आल्यावर. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र अजिबात नको. संक्रांत हा आंध्रातला सगळ्यात मोठा सण, त्या दिवसांत गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर वादळं येतात. मे महिन्याचं ऊन आपल्याला नवं नाही, पण तिथली दमट हवा आपल्या कोरड्या उन्हापेक्षा वेगळी. म्हाताऱ्या माणसाचा दम त्यात लवकर जातो.

४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१ मध्ये क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून पाळला जातो. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर त्या सुमारास प्रात्यक्षिकं झालेली आहेत, पण मुख्य सोहळा दर वर्षी तिथेच असतो असं नाही. २०२३ मध्ये तो आपल्या मालवणला झाला होता. प्रात्यक्षिकं पाहायला गर्दी लोटते. पाणबुडी नीट पाहायची असेल तर तो दिवस टाळा.

गाडीचं म्हणाल तर पूर्व विदर्भाला समता एक्सप्रेस बरी: नागपूर, गोंदिया, रायपूर, मग रायगडा, विजयनगरमवरून विशाखापट्टणम. ती रोज नसते, वार पाहूनच आरक्षण करा. वणी, चंद्रपूर, राजुरा भागातल्यांनी बल्लारशाहून वरंगल-विजयवाडा मार्ग धरावा. विजयवाड्याला गाडी बदलली तर पुढे गाड्या पुष्कळ. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिमकडच्यांनी नागपूर गाठणं सोपं. गावापासून स्टेशनापर्यंत एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वाल्यांना आणि महिलांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड सोबत ठेवा. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ती मिळेल असं धरून पैसे मोजू नका. आरक्षण करताना म्हाताऱ्यांसाठी खालचा बर्थ मागून घ्या.

राहायला आर. के. बीचच्या जवळ बघा. पाणबुडी, तिच्यासमोरचं विमान संग्रहालय, 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आणि विशाखा संग्रहालय, सगळं त्याच बीच रोडवर आहे.

पाणबुडीच्या आत

कुरसुरा वाळूवर, सिमेंटच्या आधारावर उभी आहे. सोव्हिएत रशियात बांधलेली ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली आणि २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. २००२ च्या ऑगस्टपासून ती लोकांसाठी खुली आहे. लांबी ९१ मीटरच्या वर. आत ७५ च्या आसपास माणसं राहायची. १९७१ च्या १८ नोव्हेंबरला ती अरबी समुद्रात गस्तीला निघाली आणि महिनाअखेरपर्यंत तिथे होती. ओळख पटल्याशिवाय कुठल्याही जहाजावर हल्ला करायचा नाही, असा तिला हुकूम होता.

सोमवारी बंद असते. इतर दिवशी साधारण दुपारी उघडते, रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळीही. वेळा बदलतात, आदल्या दिवशी फिरायला जाल तेव्हा फाटकावर विचारून या. मंगळवार ते शुक्रवारच्या दुपारी दार उघडताच जा. संध्याकाळी सगळं शहर बीचवर येतं, मग मागून लोक रेटत असतात आणि एका जागी थांबता येत नाही. सामान खोलीवर ठेवा, आत पिशवी घेऊन वळता येत नाही.

जिना चढून एका टोकाने आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. घाई केली तर पाच-दहा मिनिटांत संपते. म्हणून आधीच ठरवा, कोण कशापाशी थांबणार. तुमचा माणूस इंजिनवाला होता तर डिझेल इंजिनांच्या कप्प्यात थांबा. दोन्ही बाजूंना इंजिन, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. मुलांना सांगा, हे चालू असताना बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. पाणबुडी वर असताना किंवा नळी वर काढून हवा घेत असताना ही डिझेल इंजिनं चालायची आणि बॅटऱ्या भरायच्या. पूर्ण पाण्याखाली गेली की त्याच बॅटऱ्यांवर विजेच्या मोटरी चालायच्या. घरात इन्व्हर्टर असलेल्या पोराला हे लगेच उमगतं. सिग्नलवाल्याच्या घरच्यांनी रेडिओच्या आणि सोनारच्या, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या, खोल्या पाहाव्या. कुकच्या घरच्यांनी ती एवढीशी गॅली म्हणजे स्वयंपाकाची जागा पाहावी, आणि पंच्याहत्तर माणसांचं दोन्ही वेळचं तिथून निघायचं याचा हिशेब करावा. कुक आणि स्टुअर्ड होते म्हणून काही घरं संकोचाने बोलतात. पाणबुडीवर आणि जहाजावर लढाईच्या वेळी प्रत्येकाला एक ठरलेली जागा असते, कुकलाही. दारूगोळा पोचवणं, आग विझवणं, जखमींना उचलणं ही कामं त्यांनीच केली. संकोच ठेवू नका.

बंक पाहाल तिथे थोडं थांबा. टॉर्पेडोच्या शेजारी, वर, जिथे फळी बसेल तिथे झोपायची जागा. एक जण ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच बंकवर. सहा टॉर्पेडो नळ्या पुढे आणि चार मागे आहेत, ते मुलं मोजतीलच. पेरिस्कोप असलेला कंट्रोल रूमही त्यांना आवडेल, तिथे फार सांगावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: आतले गाईड निवृत्त नौसैनिक असतात. त्यांना हिंदी येतं. जाता जाता ते सगळ्यांना सांगतात तेच तुम्हालाही सांगतील, पण तुम्ही "हमारे दादाजी, स्टोकर, ब्रह्मपुत्रा, सन एकाहत्तर" असं एका दमात सांगितलंत तर त्यांचा चेहरा बदलतो. ते उलट विचारतात, "कौनसी ब्रँच? कहाँ का ट्रेनिंग?" आणि मग जे बोलतात ते पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून वहीतल्या नोंदी एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा. पदकांचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या, मूळ पदकं नेऊ नका. गर्दी असेल तर "बाहर थोड़ा टाइम मिलेगा क्या, साहब?" असं विचारून ड्यूटी संपायची वाट बघा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या.

एक गोष्ट मनाशी धरून आत जा. तिथे तुमच्या आजोबांचं नाव सापडणार नाही. भिंतीवर एखाद-दुसऱ्या अधिकाऱ्याचं नाव असतं, खलाशांची यादी नसते. ती यादी शोधायला गेलेली माणसं हिरमुसून परततात. इथे त्यांची जागा पाहायची, त्यांचं काम पाहायचं.

पाणबुडीनंतर रस्त्याच्या पलीकडचं टीयू-१४२ विमान जमलं तर पाहा. समुद्रावर टेहळणी करणारं हे भलं मोठं विमान २०१७ मध्ये निवृत्त झालं. 'व्हिक्टरी ॲट सी' मात्र चुकवू नका. १९७१ च्या लढाईसाठी पूर्व नौदल कमांडने १९९६ मध्ये उभारलेलं ते स्मारक आहे. हार-फुलं न्यायची असतील तर इथे. महायुद्धातल्या नाविकाच्या घरच्यांनी मुलांना हेही सांगावं की ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले होते.

म्हातारं माणूस सोबत असेल तर

खुद्द माजी सैनिक सोबत येत असतील तर त्यांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या आणि तिकिटाच्या खिडकीवर दाखवा. आतले दरवाजे गोल आणि अरुंद आहेत, उंबरठा पायाच्या नडगीएवढा, वाकून आणि पाय उचलून एकदमच जावं लागतं. गुडघे दुखत असतील, दमा असेल किंवा बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर आग्रह करू नका. मधून परत फिरणं मागच्या गर्दीमुळे अवघड असतं. गाईडला आधी सांगितलं तर वाट मोकळी ठेवतात.

ते आत जाणार नसतील तर बाहेर बाकावर त्यांच्याजवळ एकाने थांबा, आणि आत गेलेल्यांनी येऊन प्रश्न विचारावेत. आत सगळ्यांसमोर जे बोलणं होत नाही ते बाहेर होतं. आणि आत असोत की बाहेर, ते गप्प झाले तर गप्प राहू द्या. खुकरीवर त्यांचा बॅचवाला असेल, तुम्हाला माहीत नसेल. त्या वेळी कॅमेरा तोंडापुढे धरू नये.

परत आल्यावर

त्याच आठवड्यात लिहून काढा. जहाजं आणि ठाणी सालांसह, ब्रँच, हुद्दा, पदकं, त्यांनी सांगितलेलं, गाईडने सांगितलेलं. कोणी सांगितलं ते प्रत्येक ओळीपुढे टाका. ऐकलेलं आणि कागदावरचं वेगळं राहिलं पाहिजे. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहा, बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला उमटतं.

एक प्रत मोठ्या भावाच्या घरी, एक लग्न होऊन गेलेल्या बहिणीकडे, एक गावच्या शाळेत द्या. मूळ कागद किंवा पदक एखाद्या संग्रहालयाला द्यावं असं वाटलं तर आधी फक्त फोटो पाठवून विचारा, घरातल्या सगळ्यांची संमती घ्या, आणि दिलंच तर वस्तूच्या वर्णनासह सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद अपुरी असेल तर या कागदांवरून ती पूर्ण करून घ्या. आजी हयात असेल तर तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदात नाव, जन्मतारीख आणि बँक खातं जुळतंय का, तेही याच निमित्ताने तपासा.